पहिलं एअर पिस्तूल घेताना

२०२४ साली पॅरिसमध्ये मनू भाकरने दहा मीटर एअर पिस्तूल प्रकारात कांस्यपदक जिंकलं, आणि मग सरबज्योत सिंगबरोबर मिश्र सांघिक प्रकारात दुसरं. त्याच ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने रायफलमध्ये पदक आणलं. घरातल्या मुलीने किंवा मुलाने अशा वेळी ‘मलाही शिकायचंय’ म्हटलं, किंवा आपल्याला स्वतःलाच चाळिशीत ही हौस सुटली, की पहिला प्रश्न पैशांचा येतो. पिस्तूल कोणतं घ्यायचं, आणि ते परवडेल का?

माझं मत आधीच सांगते. परवडणारं पिस्तूल म्हणजे किमतीने सर्वांत स्वस्त पिस्तूल नव्हे. जे आपल्या हाताला बसवता येतं, ज्याचे सुटे भाग मिळतात आणि ज्यात हवा भरायची सोय आपल्या गावात आहे, ते परवडणारं. नळीवर कोणाचं नाव कोरलंय, हा विचार त्यानंतरचा.

सुरुवात कायद्यापासून करू. आपण इथे बोलतोय ते एअर पिस्तुलाबद्दल. यात दारूगोळा नसतो. दाबलेल्या हवेच्या जोरावर शिशाचा छोटा छर्रा सुटतो. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे नळीचा आतला व्यास ४.५ मिलिमीटरपेक्षा (०.१७७ इंच) जास्त नसेल आणि छर्ऱ्याची ऊर्जा २० ज्यूलच्या वर जात नसेल, तर अशा हवाई शस्त्राला परवाना लागत नाही. स्पर्धेचं एअर पिस्तूल या मर्यादेच्या कितीतरी खाली असतं. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला दीडशे मीटर वेगाने सुटला, तर हिशेब साडेपाच-सहा ज्यूलपर्यंतच जातो.

राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं ते पंचवीस मीटर पिस्तूल प्रकारात. त्यात काडतुसाचं पॉइंट टू टू पिस्तूल वापरतात. त्याला परवाना लागतो आणि त्याची वाट वेगळी आहे. नवशिक्याने तिकडे घाई करू नये. हात, डोळा आणि चाप यांची शिस्त दहा मीटरवरच लागते.

परवाना नाही म्हणून ते खेळणं ठरत नाही. पाच ज्यूलचा छर्रा डोळा कायमचा घालवू शकतो. पिस्तूल नेहमी बंद पेटीतून न्यायचं, रस्त्यात किंवा लोकलमध्ये बाहेर काढायचं नाही, कारण लांबून पाहणाऱ्याला ते खरंच वाटतं. खरेदी नोंदणीकृत शस्त्रविक्रेत्याकडूनच करा. ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा सोबत ठेवा, आणि पक्की पावती जपून ठेवा. मुलांसाठी घेत असाल तर खरेदी पालकांच्या नावावर आणि कुलपाची किल्लीही पालकांकडे.

आता पुढची पायरी, जी बहुतेकजण गाळतात: लगेच विकत घेऊ नका. आधी रेंजवर जा. पुण्यात बालेवाडीला, मुंबईत वरळीला, कोल्हापुरात दुधाळीला रेंज आहेत, आणि इतर अनेक शहरांत छोटे क्लब आहेत. तिथे क्लबचं पिस्तूल वापरायला मिळतं. दोन-तीन महिने त्यावर शिका. आपला हात केवढा आहे, वजन किती वेळ पेलतं, हौस टिकते की नाही, हे सगळं तेवढ्यात कळतं. शिवाय इतरांची पिस्तुलं हातात घेऊन पाहता येतात, आणि त्याला तोड नाही.

तिथे एकदा लक्ष्याचा कागद नीट पाहून घ्या. दहा गुणांचं वर्तुळ अवघं ११.५ मिलिमीटरचं असतं. ऐकून छाती दडपते. पण छर्रा ४.५ मिलिमीटरचा, आणि त्याची कड रेषेला टेकली तरी दहा गुण मिळतात. म्हणजे छर्ऱ्याचा मध्य लक्ष्याच्या मध्यापासून आठ मिलिमीटर दूर पडला तरी चालतं. शिकंज्यात घट्ट धरून झाडल्यावर ज्या पिस्तुलाचे छर्रे सेंटीमीटरभराच्या आत पडतात, ते सगळे दहा मारायला पुरेसं आहे. स्पर्धेसाठी बनवलेलं जवळजवळ प्रत्येक पिस्तूल, अगदी जुनंसुद्धा, हे करतं.

मग गुण जातात कुठे? पिस्तुलावर दोन खुणा असतात: मागे खाच, म्हणजे रिअर साइट, आणि पुढे नळीच्या टोकाशी छोटा खांब, म्हणजे फ्रंट साइट. दोघांमधलं अंतर साधारण बत्तीस सेंटीमीटर धरू. चाप ओढताना मनगट जरासं वळलं आणि पुढचा खांब खाचेच्या मध्यापासून एक मिलिमीटर सरकला, तर दहा मीटरवर छर्रा एकतीस मिलिमीटर सरकतो. म्हणजे दहाच्या जागी सात. याउलट खांब खाचेत अचूक असेल आणि सगळा हातच मिलिमीटरभर हलला, तर छर्रा मिलिमीटरभरच सरकतो.

खर्चाचा सगळा विचार या एका हिशेबावर उभा राहतो. मनगट वळू न देण्याचं काम मूठ करते, आणि झटका न बसू देण्याचं काम चाप. म्हणून पिस्तूल पाहताना आधी मूठ, मग चाप, आणि सगळ्यात शेवटी नळी.

दुकानात गेलात की हवा साठवण्याच्या चार पद्धती समोर येतील. सर्वांत स्वस्त ती स्प्रिंगची. दट्ट्या मागे ओढून ठेवायचा, चाप ओढला की तो धाडकन पुढे येतो. हा धक्का छर्रा नळीबाहेर पडण्याआधीच हाताला बसतो, म्हणून साधं स्प्रिंगचं पिस्तूल शिकायला वाईट. धक्का मारून टाकणारी जुनी जर्मन स्प्रिंग पिस्तुलं अपवाद आहेत, उदाहरणार्थ फाइनवेर्कबाउ ६५.

दुसरी पद्धत एका दाबाची. प्रत्येक फैरीआधी एक लांब दांडा ओढून हवा दाबायची. रशियन बनावटीचं बायकाल इझ ४६ एम हे यातलं गाजलेलं पिस्तूल. सिलिंडर नाही, पंप नाही, बाहेरच्या हवेची गरज नाही. ज्याच्या गावात सिलिंडर भरायची सोय नाही, त्याला जुन्यात चांगल्या अवस्थेतलं असं पिस्तूल मिळालं तर मी डोळे झाकून हो म्हणेन. अडचण एकच: स्पर्धेत साठ फैरी असतात आणि दर वेळी दांडा ओढावा लागतो. बारा-तेरा वर्षांच्या मुलाचा खांदा त्यात थकतो.

तिसरी कार्बन डायऑक्साइडची. ही पिस्तुलं जुन्या बाजारात फार स्वस्त मिळतात आणि त्याचं कारणही आहे. या वायूचा दाब तापमानाबरोबर बदलतो. नागपूरच्या मे महिन्यात आणि डिसेंबरमध्ये तेच पिस्तूल वेगळं वागेल. टाळा.

चौथी आज सगळीकडे चालते ती, आधीच भरलेल्या हवेची. नळीखालच्या सिलिंडरमध्ये बहुधा २०० बार दाबाने हवा भरतात. आत रेग्युलेटर असतो, म्हणजे प्रत्येक फैरीला सारख्याच दाबाची हवा मोजून देणारा भाग. एकदा भरलं की शंभराहून अधिक फैरी होतात. श्टायर, वाल्थर, फाइनवेर्कबाउ, मोरिनी, पार्डिनी ही यातली जुनी नावं. नवं घेतलं तर यांच्या वरच्या श्रेणीतल्या पिस्तुलाचा खर्च आयातीसकट दीड-दोन लाखांच्या पुढे जातो. हॅमर्लीचं एपी २० यांसारखी साधी पिस्तुलं त्याहून बरीच स्वस्त असतात आणि नवशिक्याची पहिली काही वर्षं आरामात सांभाळतात.

इथे बरेचजण इलेक्ट्रॉनिक चापाच्या मोहात पडतात. तो हलका आणि स्वच्छ सुटतो, यात वाद नाही. तरी पहिलं पिस्तूल यांत्रिक चापाचं घ्यावं, असं मी सुचवेन. टोकियो ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत मनू भाकरच्या पिस्तुलात बिघाड झाला, दुरुस्तीत वेळ गेला आणि ५७५ गुणांवर ती अंतिम फेरीला मुकली. बिघाड कोणत्याही पिस्तुलात होऊ शकतो. तिच्याजवळ मदतीला माणसं होती. आपल्याजवळ जिल्हा स्पर्धेत कोण असेल, हा विचार घेतानाच करायला हवा. यांत्रिक चाप क्लबमधला जाणता माणूस उघडून बसवू शकतो.

जुनं पिस्तूल घेणं शहाणपणाचं आहे, पण चार गोष्टी तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. पहिली, सिलिंडरवर कोरलेली तारीख. बहुतेक युरोपीय कारखाने सिलिंडरला दहा वर्षांचं आयुष्य देतात, आणि मुदत संपलेलं सिलिंडर स्पर्धेत चालत नाही. स्वस्तात मिळालेल्या पिस्तुलाला नवं सिलिंडर घ्यावं लागलं की स्वस्ताई तिथेच संपते. दुसरी, गळती. सिलिंडर भरून, दाबाचा आकडा लिहून रात्रभर ठेवा. सकाळी काटा उतरलेला असेल तर आतले रबरी सील गेलेत. तिसरी, मूठ उजव्या हाताची की डावऱ्या. मुठीचा आकार लहान, मध्यम की मोठा, हेही पाहा. चौथी, त्या मॉडेलचे सील आणि स्क्रू आज मिळतात का, हे विकणाऱ्याला न विचारता दुसऱ्याच कोणाला विचारा.

वजनाचं थोडं. नियमात पिस्तूल दीड किलोपर्यंत चालतं. बहुतेक पिस्तुलं किलोच्या आसपास असतात. एका हाताने, कोपर न वाकवता, खांद्याच्या उंचीला धरून पंधरा सेकंद उभं राहून पाहा. शेवटच्या पाच सेकंदांत नळीचं तोंड गोल फिरायला लागलं, तर ते आपल्यासाठी आज जड आहे. लहान मुलांसाठी आखूड नळीची हलकी मॉडेलं मिळतात. मूल मोठं झाल्यावर उपयोगी पडेल म्हणून आतापासून जड घेणं ही फार सर्रास होणारी चूक आहे. त्यातून खांदा दुखावतो आणि मूल खेळ सोडतं.

छर्रे सपाट डोक्याचेच घ्या. ते कागदाला गोल, स्वच्छ भोक पाडतात, त्यामुळे गुण मोजताना वाद होत नाही. टोकदार छर्रे रेंजवर कामाचे नाहीत. महागडी डबी सुरुवातीला नको, पण एकच प्रकार ठरवून तोच वापरा. डबी हलवली, आपटली की मऊ शिशाच्या कडा वाकतात. वाकडा छर्रा बाजूला काढा.

पिस्तूल घरी आलं. आता त्याला आपलं करायचं. इथे घाई करू नका, सगळ्यात जास्त फायदा याच कामात आहे.

मुठीपासून सुरुवात करा. अंगठा आणि तर्जनी यांमधली बेचकी मुठीच्या मागच्या बाजूला जितकी वर जाईल तितकी जाऊ द्या. खालची तीन बोटं मुठीला सरळ मागे खेचतील, तर्जनी मोकळी राहील, अंगठा नुसता टेकलेला. तळहाताच्या खाली वरखाली सरकणारी एक फळी असते, तिला पाम शेल्फ म्हणतात. ती हाताला फक्त स्पर्शेल इतकीच वर आणा. आवळून बसवली की सुरुवातीला फार घट्ट आणि छान वाटतं, मग विसाव्या फैरीला बोटं बधिर होतात आणि पिस्तूल थरथरायला लागतं.

मग ही परीक्षा घ्या. छर्रा न भरता, भिंतीकडे तोंड करून उभे राहा. डोळे मिटा, हात नेहमीसारखा वर उचला, एक श्वास सोडा आणि डोळे उघडा. पुढचा खांब मागच्या खाचेत बरोबर मध्ये दिसायला हवा. डावीकडे दिसला, तर मुठीने नळीचं तोंड उजवीकडे वळवायला हवं. वर दिसला, तर तोंड खाली यायला हवं. पुष्कळ मुठींत कोन बदलण्याचा स्क्रू असतो, आधी तो वापरा. ही परीक्षा एका दिवसाची नाही. हात दमलेला असताना आणि ताजा असताना, दोन्ही वेळी घ्या, आणि एकच चूक पुन्हा पुन्हा दिसली तरच मुठीला हात लावा.

स्क्रूने भागलं नाही तर मूठ पिस्तुलापासून वेगळी काढा. बारीक भुसा यंत्रात गेला तर सील खराब होतात. लाकूड तासण्याआधी भर घालून पाहा, कारण तासलेलं लाकूड परत येत नाही. एम-सील किंवा लाकडाची पुट्टी मोकळ्या वाटणाऱ्या जागी थोडी लावा, हातावर पातळ प्लास्टिक गुंडाळा आणि मूठ नेमाच्या अवस्थेत धरा. ठसा उमटला की हात काढा, दुसऱ्या दिवशी पॉलिश पेपरने घासा. पुट्टी कालवताना हातमोजे घाला. बोटांच्या खाचा खोल करण्याचा मोह आवरा, नाहीतर रोज बोटं वेगळ्या जागी बसू लागली तरी खाच त्यांना तिथेच ओढते आणि मनगट वळतं.

नियमांची कड इथेच ओलांडली जाते. मनगट पूर्णपणे मोकळं दिसलं पाहिजे, मुठीचा कोणताही भाग त्याला आधार देता कामा नये. पाम शेल्फ मुठीशी नव्वद अंशांपेक्षा कमी कोनात वर वळवता येत नाही. आणि सगळं पिस्तूल ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत मावलं पाहिजे. पुट्टीने फुगवलेली मूठ पन्नास मिलिमीटरला अडते आणि ऐन स्पर्धेच्या सकाळी तपासणीत ते कळतं. घरी पुठ्ठ्याची तेवढीच पेटी करून ठेवा.

आता चाप. नियमाप्रमाणे तो किमान ५०० ग्रॅमचा असला पाहिजे. तपासणीत पिस्तूल उभं धरून चापाला ५०० ग्रॅमचं वजन टांगून वर उचलतात. ते उचललं जायला हवं, चाप सुटला तर पिस्तूल बाद. म्हणून बरोबर ५०० वर न ठेवता ५१०-५२० वर ठेवा. प्रवासात आणि उन्हाळ्यात स्क्रू जरा हलतो.

चापाला दोन टप्पे असतात. पहिल्यात तो सैलसर मागे येतो, मग एका जागी अडतो. तिथून थोडासा दाब दिला की फैर सुटते. नवशिक्याने एकूण भाराचा बराचसा भाग पहिल्या टप्प्यात ठेवावा. मग दुसऱ्या टप्प्याला हात मारावा लागत नाही, नुसतं बोट चालू ठेवलं की काम होतं. चापाची पाती पुढेमागे करून अशी ठेवा की तर्जनीच्या पहिल्या पेराचा मधला मऊ भाग तिच्यावर येईल आणि बाकीचं बोट मुठीला कुठेही घासणार नाही. घासतंय का, हे पाहायला दुसऱ्या माणसाला शेजारून कागदाची पट्टी सरकवून बघायला सांगा.

स्क्रू फिरवण्याआधी तो आत्ता कुठे आहे ते लिहून घ्या, आणि एका वेळी एकच फिरवा, तोही पाव वळण. दोन स्क्रू एकदम फिरवले की पिस्तूल कशामुळे बदललं ते कळतच नाही. अर्ध्याहून जास्त ‘बिघडलेल्या’ चापांची कहाणी इथेच सुरू होते, असं मला वाटतं.

साइट्सचं काम त्यामानाने सोपं. खाच इतकी रुंद ठेवा की खांबाच्या दोन्ही बाजूंना प्रकाशाच्या स्पष्ट पट्ट्या दिसतील. अरुंद खाच अचूक वाटते, पण डोळा थकतो. नेम काळ्या वर्तुळाच्या मध्यावर न धरता त्याच्या खालच्या पांढऱ्या भागात धरतात, आणि डोळा पुढच्या खांबावर असतो. लक्ष्य अस्पष्ट दिसलं तरी चालेल. खांब स्पष्ट हवा. चष्म्याचा नंबर असेल तर तो याच अंतरासाठी तपासून घ्या. चाळिशीनंतर शिकणाऱ्यांना नव्या पिस्तुलापेक्षा याचा उपयोग जास्त होतो.

रिअर साइट ज्या बाजूला सरकवाल, छर्रे त्याच बाजूला सरकतात. एका फैरीवरून ती कधीच फिरवू नका. दहा मारा, त्यांचा पुंजका कुठे आहे पाहा, मग फिरवा. पुंजकाच विखुरलेला असेल तर साइटचा काही दोष नाही, मुठीकडे परत जा. दुर्बीण, लेझर, रेड डॉट यांना या खेळात जागा नाही, त्यावर पैसे घालवू नका.

नळीखाली लावायची छोटी वजनं मिळतात. पुढे थोडं वजन आलं की तोंड स्थिर होतं, असं अनेकांना जाणवतं. पहिल्या वर्षी ती लावू नका. आणि वेग वाढवण्यासाठी रेग्युलेटरशी कधीही खेळू नका. दहा मीटरवर त्याचा फायदा काही नाही, दाबाखालच्या भागांना धोका मात्र नक्की, आणि कायद्याची मर्यादा ओलांडली तर गुन्हा.

हवा भरताना सावकाश भरा. पटकन भरली की सिलिंडर तापतं, काटा २०० दाखवतो आणि थंड झाल्यावर दाब खाली येतो. क्लबमधल्या मोठ्या सिलिंडरमधून भरणं सोपं; घरी हातपंप चालतो, पण शेवटचे बार भरताना घाम निघतो आणि कोकणच्या दमट हवेत पंपातलं पाणी नियमित काढावं लागतं. ऑक्सिजनच्या सिलिंडरवरून कधीही भरू नका. जास्त दाबाच्या जागी साधं यंत्राचं तेलही लावू नका. तेल आणि दाबलेली हवा एकत्र आली की स्फोट होऊ शकतो.

वर्षभरानंतर पुन्हा मुठीशी याल. सरावाने हाताचे स्नायू बदलतात, आणि मुलांचा तर हातच वाढतो. जून महिन्यात बसवलेली पुट्टी पुढच्या उन्हाळ्यापर्यंत करंगळीला टोचू लागते. तेव्हा ती खरवडून काढा, डोळे मिटून परीक्षा पुन्हा घ्या आणि हवी तिथेच नवी भर घाला. मध्यम आकाराची मूठ पुरेनाशी झाली, तर त्याच पिस्तुलाची मोठी मूठ वेगळी मिळते, आणि तिची किंमत नव्या पिस्तुलाच्या जवळपासही जात नाही.